रिकाम्या आकाशाची कसोटी

द्रुतेने कसोटी निमिषार्धात सोडवली आणि प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. वैजयंती टिळेकरच्या हातांची घडी तेवढी सुटली नाही. ती परीक्षक होती; आणि द्रुता हा संगणक घडवणारे प्राध्यापक सबनीस तिचे गुरू.

"सर, ती सोडवत नाहीये. ओळखतेय."

"अगं, तुम्ही मुलांनी तरी माझ्या परीक्षेत दुसरं काय केलंत?"

ती हसली नाही. "कसोटीतले आकडे विस्कळीत दिसतात, पण निघतात एका सूत्रातून. जुन्या-नव्या यंत्रांची तुलना व्हावी म्हणून आपण ते सूत्र वर्षानुवर्षं बदललं नाही. द्रुता स्वतःची विद्युतमंडलं प्रश्नाच्या आकारात वळवून घेते. सूत्र सापडलं की तिची वाट आखूड होते. आपण तिचा वेग मोजलाच नाही, सर. प्रश्नात किती सुसूत्रता दडलीय, तेवढंच मोजलं."

"मग बिनसूत्री आकडे दे."

"दिले. अणूंच्या विघटनातून घेतलेले. रखडली." तिचा आवाज खाली आला. "मी नापास म्हटलं, की पैसे पुरवणारं मंडळ आजच तिला मोडीत काढेल."

सबनीसांनी यंत्राच्या थंड काचेवर तळवा टेकला. "अणू आकडे थेंबथेंब देतात गं. ती वाट पाहत बसली असेल. भरभरून वाहणारा गोंगाट दे. रेडिओ दुर्बिणीवाले आकाशाचा जो रिकामा तुकडा मोजमापासाठी शून्य धरतात ना, तिथला."

शेवटची संधी म्हणून तिने तो जोडला.

द्रुता निमिषार्धात काम संपवून थांबली. उत्तर अचूक होतं.

वैजयंतीने दुर्बिणीवाल्यांना रिसीव्हरचा आकाशाशी संबंध तोडायला लावला. आता केवळ उपकरणाचा स्वतःचा गोंगाट तितक्याच ओघाने वाहू लागला. द्रुता रखडली. आकाश पुन्हा जोडलं, पुन्हा निमिषार्ध.

"पास?" सबनीसांनी दबक्या स्वरात विचारलं.

"नापासच, सर. ती वेगवान नाहीच." ती खिडकीकडे वळली. "पण ज्या तुकड्याला सगळं खगोलशास्त्र शून्य मानतं, त्यात सूत्र आहे."

खिडकीबाहेर भर दुपारचं आकाश निळं, निर्विकार पसरलं होतं.

"कुणाचं?" सबनीस पुटपुटले.

'नापास' हा शब्द ऐकून मंडळाचा तंत्रज्ञ दार उघडून आत आला. यंत्र मोडीत काढायचं म्हणून त्याने सवयीने वीज बंद करायच्या बटणाकडे हात नेला. वैजयंती मध्ये आडवी उभी राहिली.

"वीज बंद करू नका! तिची मंडलं या क्षणी ज्या आकारात वळली आहेत, तेच ते सूत्र आहे."