एकदा म्हणजे हो

मला वाटलं होतं, मावशी मला जवळ घेऊन म्हणेल, बरं झालं आलीस, या वायरींनी जीव नकोसा केलाय. मी इतक्या लांब जाऊन विजेचं शिक्षण घेतलं ते याच ध्यासानं, की जुन्या घरांतल्या कुजक्या वायरींपायी कुणी जळून मरू नये. पहिलं घर मावशीचं, हे तिकडेच ठरवलं होतं. प्रत्यक्षात मावशीनं माझी हत्यारांची पेटी दारातच पाहिली आणि म्हणाली, "ती बाहेर राहू दे. तू आत ये."

भिंतींवर लाकडी पट्ट्या, त्यांत कापड गुंडाळलेल्या वायरी. स्वयंपाकघरात मात्र नवा मिक्सर, नवा ओव्हन. मिक्सर फिरला की मागच्या खोलीतला बल्ब मान टाकायचा. त्याच बल्बखाली काका वाचत बसायचे आणि उजेड गेला की करवादायचे. म्हणून मावशीला सवय लागली होती. बटणाला हात लावण्याआधी पॅसेजकडे तोंड करून विचारायचं, "लावू का हो?"

काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती अजून विचारत होती.

"बघ गं, एकदा मिणमिणला की दोनदा?" ती मला म्हणाली. "मोतीबिंदूनं मला आता सगळं धुकंच दिसतं. एकदा म्हणजे हो. दोनदा म्हणजे थांब."

"मावशी, मिक्सरनं एकदम भार ओढला की जुन्या वायरीत दाब कमी पडतो. बल्ब मंद होतो. एवढंच."

"हो का? आणि मी मिक्सर अजून लावलाच नाही, त्याचं काय, इंजिनीअरबाई?"

खरंच, तिचा हात बटणापासून लांब होता. बल्ब मात्र एकदा मिणमिणून सावरला होता. मी हसले. फ्रिज सुरू झाला असेल, म्हणाले. 'असेल' म्हणताना फ्रिजकडे बघायचं टाळलं.

संध्याकाळी ओव्हनमागच्या पट्टीतून करपलेल्या रबराचा वास येऊ लागला. मी निक्षून सांगितलं, "उद्या सकाळी सगळ्या वायरी काढणार. हे घर एक दिवस पेट घेईल आणि तू आत असशील."

मावशी ओट्यावरच्या फडक्याची घडी घालू लागली.

"नव्या वायरी घातल्या की बल्ब मिणमिणायचा नाही ना?"

"मुळीच नाही."

"मग मी विचारू कुणाला?"

मला तिची कीव आली, आणि रागही आला. हे खूळ एकदाचं संपवायला हवं होतं. मेन स्विच मागच्या खोलीतच होता. मी तिला न सांगता खटका पाडला, फ्यूज उपसून मुठीत धरला. बल्ब विझला. फ्रिजची घरघर थांबली. तिनं विचारावं, आणि कुणी उत्तर देत नाही हे तिला एकदा कळावं, एवढंच मला हवं होतं.

पॅसेजच्या टोकाला ती येऊन उभी राहिली. खिडकीतल्या राखाडी उजेडात तिचा नुसता आकार दिसत होता.

"अहो..." ती हळू म्हणाली. "उद्या ही पोरगी वायरी काढतेय. मग तुमचं काही कळायचं नाही..."

तिनं पदर सारखा केला.

"मीच येऊ का तुमच्याकडे?"

माझ्या डोक्यावर बल्बची तार लाल झाली. हळूहळू पिवळी. उजेड खोलीभर पसरला, आणि एकदा मिणमिणला.

मी दुसऱ्यांदा मिणमिणण्याची वाट पाहिली. फ्यूजची कड तळहातात रुतत होती. उजेड तसाच राहिला. स्थिर.

"काय म्हणाले गं?"

मी मुठीतल्या फ्यूजकडे पाहिलं.

"अगं, सांग ना..."

"दोनदा," मी म्हणाले. "दोनदा मिणमिणला, मावशी. थांब म्हणाले."

"अजून रुसलेत वाटतं," ती पुटपुटली, आणि भिंत चाचपत आत गेली.

रात्रभर मी फ्यूज परत लावला नाही. सकाळी बल्ब जळतच होता.

वायरी काढून काही होणार नव्हतं. पुढच्या आठवड्यात रुजू व्हायची नोकरी होती, तिथे मी फोन करून नाही म्हणून कळवलं. मावशीला सांगितलं, मी आता इथेच राहणार. ती लहान मुलीसारखी खूश झाली. कारण तिनं विचारलं नाही. ती पुन्हा विचारणार होती, आज नाहीतर उद्या, आणि तेव्हा त्या खोलीत खरं सांगणारं दुसरं कुणी असता कामा नये.