गोदाआत्याचा आवाज

ठाण्यात, खोपटच्या रद्दीच्या दुकानात जुन्या मासिकांच्या एकाच गठ्ठ्यावर दोघांनी हात टाकला.

"मी आधी धरला," कल्पिता म्हणाली.

"धरा की… फक्त माझी बोटं खाली अडकलीयत."

ती खुदकन हसली. तो आर्यन. मानपाड्याच्या एका गाळ्यात जुनी मासिकं, ध्वनिमुद्रणं जमवून संशोधकांसाठी ऑनलाइन संग्रह चालवायचा. वर्गणी भरा, हवं ते वाचा, ऐका. ती बाळकुमची, आगरी लग्नगीतांवर पीएचडी करणारी.

पुढच्याच आठवड्यात ती त्याला आपल्या गावातल्या गोदाआत्याकडे घेऊन गेली. उभा जन्म मिठागरात राबलेली आत्या लग्नाचे धवले गायची. तिच्यासारखं गाणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. गाता गाता थांबून तिनं विचारलं, "पोरी, यो तुजा कोन गो?"

कल्पितानं मान खाली घातली. आर्यन सरळ असलेला माइक पुन्हा सरळ करत राहिला…

त्या गाण्यांनी संग्रहाचं नाव झालं. आधी कॉलेजं सभासद झाली, मग परदेशी विद्यापीठं. गाळा जाऊन मोठं ऑफिस आलं.

"गावाला मात्र फुकट हं," ती म्हणायची.

"शपथ गं!"

मग एका बड्या कंपनीनं पैसा ओतला. अट एकच – फुकट काही नाही. त्यानं सही केली आणि तिला सांगायचं तेवढं टाळत राहिला.

पावसाळा सरता सरता आत्या गेली. बाराव्याला तिची लेक जया म्हणाली, "आयचा आवाज लाव ना गो."

कल्पितानं मोबाइलवर संग्रह उघडला. 'ऐकण्यासाठी सभासद व्हा.' भरल्या घरात तिला मान वर करवेना.

तिनं फोन करताच आर्यन धावत आला, स्वतःच्या मोबाइलवर गाणं लावलं. जयानं तो कानाशी घट्ट धरला. ऐकून झाल्यावर पदरानं पुसून परत दिला.

अंगणात कल्पितानं विचारलं, "उद्या तिला पुन्हा ऐकावंसं वाटलं तर?"

"कॉपी पाठवतो ना… फक्त तुम्ही दोघी कुणाला सांगू नका."

"आईचा आवाज चोरून ऐकायचा तिनं?"

तो अडखळत म्हणाला, "सही केली नसती तर सगळं बंद पडलं असतं. पण कल्पिता… मला तू हवीयेस. पहिल्यापासून."

"माहितीय रे. मलाही तूच… म्हणून तर एवढं लागलं. पण मला न सांगता केलंस तू हे."

रिमझिम सुरू झाली होती. ती त्याला बसपर्यंत सोडायला गेली.

"येतो," तो म्हणाला.

'ये' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण तिनं नुसती मान डोलावली.