झिंगे कुठे संपले?

"साडीचं टोक सोडू नगंस गं," पंकजा ओरडली. धनश्री प्रवरा नदीच्या गुडघाभर पाण्यात उभी होती.

दिवाळीची सुट्टी होती, पण मौज कसली! बेलापूरच्या घाटाशी झिंगे मरून काठाला लागले होते. पंकजाच्या वडिलांनी, सहादेवनं, मासे धरायला पाण्यात औषध टाकलं, अशी गावभर बोंब झाली होती. संध्याकाळी ग्रामसभेत त्याला नदीत जाळं टाकायची बंदी होणार होती. सगळ्यांत मोठा आवाज धनश्रीच्या वडिलांचा, गोरक्षनाथांचा. धनश्रीला मैत्रिणीकडे बघायचीही लाज वाटत होती.

जुन्या साडीत कोंड्याचा गोळा ठेवून ती त्यांनी गवताच्या कडेला बुडवली होती. उचलली, तर मळे जातीचे बारके मासे वळवळत होते. झिंगा एकही नव्हता.

"आबांनी औषध टाकलं आसतं, तर मासे जित्ते राह्यले आसते का?" पंकजा म्हणाली.

"नदीनं वर वर जात बघू," धनश्रीचा चुलतभाऊ कल्याण म्हणाला. "झिंगे कुठनं लागत्यात ते कळंल."

पाणवठ्यावर झिंगा नाही. ओढा नदीला मिळतो तिथंही नाही. ओढ्याच्या तोंडाच्या जरा वर, नदीतच, साडी उचलली, आणि काचेसारखे झिंगे टणाटण उडू लागले! कल्याणनं ते डब्यात भरले.

"म्हंजे औषध ओढ्यातनं आलं," तो म्हणाला.

तिघं ओढ्याकाठानं निघाली. वाट धनश्रीच्या रोजच्या पायाखालची होती. वांग्याच्या रानाशी गोरक्षनाथ फवारणीचा पंप ओढ्यात विसळत होते, दर फवारणीनंतर विसळतात तसाच. धनश्री सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"पप्पा, झिंगे तुमच्यामुळं मेले."

"काय बरळतीस? थेंबभर औषध ते. मासे तर जित्ते हायेत."

"शाळेत बाईंनी शिकवलंय, झिंगा किड्यांच्या नात्यातला. किड्याचं औषध त्याला थेंबभर बी पुरतं."

"बघू तर," म्हणत गोरक्षनाथांनी डब्यातला एक झिंगा पंपाच्या पाण्यात सोडला. तो उडाला, गिरकी खाल्ली आणि आडवा झाला. गोरक्षनाथांनी पंप ओढ्यातून उचलून लांब काठावर ठेवला.

संध्याकाळी सभेत त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक होता. "चूक माझी हाय. धनश्रीनंच दावून दिली. पंप आता पाण्यापासनं लांबच धुवीन. सहादेव, माफ कर."

सहादेवनं धनश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगी लई धीराची हाय, गोरखभाऊ. तुमच्यावर न्हाई गेली."

सभा हसली. गोरक्षनाथही हसले. पंकजानं काखेतल्या साडीचं एक टोक धनश्रीच्या हातात दिलं. "उद्याबी धर गं."