उष्ट्या ताटातले किरण

किरणौषध केंद्राच्या दारातली, किरण टिपणारी कमान गणपत गुरवांना बघून किणकिणली, तेव्हा कोणी मान वर केली नाही. प्रॉस्टेटच्या कर्करोगावरची किरणोत्सारी लक्ष्यवेधी गोळी घेऊन त्यांना चारच दिवस झाले होते, कमान वाजणारच. मागोमाग त्यांची बायको हेमलता आत आली.

कमान पुन्हा वाजली. आता सगळ्यांच्या माना वर झाल्या.

तिचे कपडे बदलले, हातपाय तीनदा धुतले. तरी किरणमापकाची टकटक थांबेना. भौतिकतज्ज्ञ बागवान कुजबुजले, "मॅडम, हे कातडीवर नाही, आत आहे. जबड्यापाशी सगळ्यात जास्त."

डॉ. इरावती शेटेंनी मापक स्वतःच्या हातात घेतला. गोळी त्यांनीच घडवली होती : पोटातल्या आम्लातही टिकणारी किल्ली आणि तिच्या पाठीवर किरणांचा निखारा.

"किल्लीचं कुलूप प्रॉस्टेटच्या कर्कपेशींवर असतं," त्या स्वतःलाच समजावल्यासारखं म्हणाल्या. "थोडी कुलपं लाळग्रंथींत, मूत्रपिंडांत. आणि कुठलीही गाठ ज्या नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, त्यांच्यावर... लाळ! काकू, काकांपासून तीन फूट लांब राहिलात ना?"

"राहिले की. अंथरूण वेगळं, संडास वेगळा, ताटसुद्धा वेगळं."

"आणि त्यांचं उष्टं?"

"ते उठले की त्याच ताटात मी बसते. चाळीस वर्षं बसतेय. ताट वेगळं ठेवा म्हणालात, ठेवलं. त्यात मी जेवायचं नाही, असं कुठं लिहिलंत?"

सूचनांचा कागद डॉक्टरांनीच लिहिला होता.

किती गेलंय ते बघायला तिला किरणचित्रकाखाली झोपवलं. पडद्यावर जबडे उजळले, मूत्रपिंडं उजळली. मात्रा अगदी किरकोळ. बागवानांनी श्वास सोडला, आणि तेवढ्यात डाव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा ठिपका पेटला.

"पुन्हा काढा."

पुन्हा तिथंच.

"बाईला प्रॉस्टेट कुठून असणार?" बागवान पुटपुटले. पण कुठल्याही गाठीच्या नव्या रक्तवाहिन्यांवरही ते कुलूप असतं, हे मघाशी डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

हेमलता उठून बसली. "खरं सांगा हं. त्यांच्या वाटणीचं औषध मी खाल्लं. त्यांना कमी तर नाही ना पडणार?"

"नाही, काकू." डॉक्टरांनी पडदा हळूच आपल्याकडं वळवला. "बसा जरा. काकांना बोलावते, तुमच्या शेजारी बसू देत."

"शेजारी? अहो, तीन फूट! परत तुमची कमान बोंबलेल."

"बोंबलू दे," डॉक्टर म्हणाल्या.