सगळ्यात कमी अनुदानाची शाळा

"अहो दादा, इथले सर कुठे भेटतील?"

"छपरावर."

"छपरावर?"

"हो... आणि ते तुमच्याशीच बोलतायत." पत्रा ठोकणारा माणूस खुदकन हसला. तिने जीभ चावली.

ती शिक्षण कार्यालयात आकडेवारीचं काम बघायची. गावातल्या सहा सरकारी शाळांचं अनुदान आणि निकाल तिला ताडून पाहायचे होते. या शाळेला पैसा सगळ्यात कमी आणि गणितात नंबर मात्र पहिला! पाणी कुठेतरी मुरत होतं. गुण फुगवलेले निघाले, तर साहेब शाळेला कुलूपच लावणार होते.

तो खाली उतरला, तशी तिने स्वतः काढलेली प्रश्नपत्रिका पुढे केली.

"तुम्ही बाहेर थांबायचं. खाणाखुणा चालणार नाहीत."

"खिडकीतून बघितलं तर चालेल?"

"मुलांकडे?"

"हो, म्हणजे... मुलांकडेसुद्धा."

तिचे कान तापले. पाठ फिरवून तिने फळ्यावर पाचवीसाठी अपूर्णांकाचं गणित लिहिलं. त्याच खोलीत पलीकडे तिसरीची मुलं बसली होती. त्यातली दोन वेण्यांची एक चिमुरडी पुटपुटली, "सोप्पंय... तीन अष्टमांश."

उत्तर बरोबर होतं! "तुला कुणी गं शिकवलं?"

"कुणी नाही. रोज ऐकू येतं ना, बाई."

तिने खोलीभर नजर फिरवली. दोन वर्ग, मध्ये भिंत नाही, आणि इथलं प्रत्येक मूल दोन वर्षं पुढचं ऐकत वाढत होतं.

"भिंतीला पैसे मिळाले नाहीत," तो खिडकीतून म्हणाला. "मग दोघांनाही कळेल असंच शिकवायला लागलो."

व्हरांड्यात बसून तिने पेपर तपासले. एकही मूल नापास नव्हतं. इतकी वर्षं ती नुसत्या बेरजा करत आली होती... त्या आकड्यांमागे असं काही असतं, हे आज दिसत होतं.

त्याने पाण्याचा पेला पुढे केला. "पास का आम्ही?"

"ते गोपनीय आहे."

"आणि डोळ्यांतलं पाणी?"

"ऊन फार आहे हो..."

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली — फाईल न घेता.

"परत परीक्षा?"

"नाही. अहवाल कालच दिला. शाळा राहतेय. अनुदान वाढवा, असंही लिहिलंय."

"मग आज कशा आलात?"

"अहवालाआधी आले असते, तर माझ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता. मीसुद्धा नाही."

"का बरं?"

तिने मान वर केली. "कारण त्या दिवसापासून... तुमच्या बाबतीत मी निःपक्ष राहिलेलेच नाही."

तो खडूने माखलेले हात घाईघाईने शर्टाला पुसू लागला. मग तिनेच आपला हात पुढे केला.