घंटेच्या भिंतीवर कोण चढतं?

"ठण्ण!"

गेन्ताच्या हातातली कलिंगडाची फोड धुळीत पडली. "ऐकलंस?"

"ऐकलं," चिसातो म्हणाली. तिने सायकल कुंपणाला टेकवली आणि बंद शाळेच्या व्यायामशाळेकडे टक लावून पाहिलं. दाराला कुलूप होतं. खिडक्यांवर जाड पडदे ओढलेले होते. आत चिटपाखरू नव्हतं. तरीही आतली घंटा वाजली होती, आणि ती वाजवायची तर आधी उंच वाकड्या भिंतीवर धावत चढून जावं लागायचं!

"वारा असेल," गेन्ताची धाकटी बहीण सुझुनो म्हणाली.

"वारा कुठाय? घाम बघ माझा!"

"तुला भीतीनेच घाम फुटलाय. बुद्धमंदिराच्या पुजाऱ्यांचा मुलगा, आणि भुताला घाबरतो!"

"कशाला घाबरायचं ते पुजाऱ्याच्या मुलालाच नीट माहीत असतं!"

चिसातो हसली नाही. आतला सगळा पसारा तिच्या आजोबांनी, माकाबे मास्तरांनी उभा केला होता. जन्मभर त्यांनी याच शाळेत व्यायाम शिकवला. हिनोसावा गावात मुलं उरली नाहीत, शाळा बंद पडली, तेव्हा त्यांनी रिकामी व्यायामशाळा मागून घेतली आणि करवत, हातोडी घेऊन आत ठाण मांडलं. तिरक्या पायऱ्या, लोंबत्या कड्या, डुगडुगता ओंडका आणि सगळ्यांत शेवटी घंटेची भिंत. निन्जा मंडळींनीही तोंडात बोट घालावं असे अडथळे! पण प्रत्येक अडथळा तीनदा, शेजारीशेजारी. हिरवा पट्टा बुटका, पिवळा मधला, तांबडा उंच. "कमी जमणाऱ्याला कोपऱ्यात बसवायचं नाही," ते म्हणायचे. "शेजारच्या पट्ट्यात घ्यायचं, आणि पुढे जाऊन त्याच्यासाठी थांबायचं."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ते सगळ्या गावाला खुलं व्हायचं होतं. पण वसंतात, चेरी फुलायच्या आतच, मास्तर गेले. आता ओबोन आला होता, पितर घरी येण्याचे दिवस, आणि मास्तरांचा हा पहिलाच ओबोन. आणि नेमकी पितरांच्या स्वागताचा जाळ केला त्या संध्याकाळपासून घंटा वाजायला लागली होती.

"ए पोरांनो! इथे काय करताय?"

गावचे प्रमुख कोकुबुकाका धापा टाकत आले. हातात नैवेद्याचं तबक होतं. त्यांनी कुलूप काढलं, दार वीतभर उघडलं, आत डोकावले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"घोडा गेला!" ते पुटपुटले. "आजही घोडा गेला. बैल तसाच!"

काकडीला चार काड्या टोचल्या की घोडा होतो, वांग्याला टोचल्या की बैल. पितरांनी घोड्यावरून भरधाव घरी यावं आणि परत जाताना बैलावरून रमतगमत जावं, म्हणून घरोघरी ही जोडी मांडतात. कोकुबुकाकांनी ती मास्तरांसाठी इथेही मांडली होती, आणि आत्म्याला वाट असावी म्हणून वरची झरोक्याची खिडकीही सताड उघडी ठेवली होती.

"म्हणजे काय, काका?" चिसातोने विचारलं.

काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "म्हणजे मास्तर आलेत, बाळ. पण बैलाला ते शिवतसुद्धा नाहीत. त्यांना परत जायचंच नाहीये! त्यांचा जीव या लाकडांत अडकलाय." त्यांनी नवी जोडी घाईघाईने आत सरकवली. या वेळचा बैल भलामोठा होता. "परवा निरोपाचा जाळ. त्याच्याआधी, परवा सकाळीच, सुतार येतील आणि हे सगळं उतरवतील. तुझी आजी हो म्हणाली आहे."

चिसातोने सायकल उचलली आणि तडक घर गाठलं.

घरी आजी पितरांच्या दिव्यापाशी बसली होती. वसंतापासून ती धड हसली नव्हती, आणि गेल्या दोन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"आजी, तू हो का म्हणालीस? आजोबांनी किती कष्टाने बांधलंय ते!"

"मला का कळत नाही?" आजीचा आवाज कापला. "पण ते तिथे एकटे, अंधारात अडकून पडलेत असं कोणी सांगितलं तर मी काय करू गं? लाकडांसाठी माणसाला अडवून ठेवू?"

चिसातोने एक गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. घंटा वाजली की तिला भीती वाटायची, अंगावर काटा यायचा, पण त्याहून जास्त आनंद व्हायचा. आजोबा आहेत! इथेच आहेत! ते जाऊ नयेत असंच तिला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव पंख्याखाली पेंगत असताना, तिघं मागच्या दाराने व्यायामशाळेत शिरली. आजोबांची किल्ली चिसातोकडे होती. गेन्ताने आधी बूट काढले.

"भूत मागे लागलं तर अनवाणी पळणार का?" सुझुनोने विचारलं.

"शाळा बंद पडली म्हणून काय झालं? बूट घालून आत? मास्तर आधी कान पिळतील, मग घाबरवतील!"

आत अंधार होता, आणि उकाडा असूनही तिघांना शहारा आला. कड्या संथ हलत होत्या. कोणीतरी आत्ताच सोडल्यासारख्या! चिसातोने विजेरी लावली. हाताला घाम येऊन पकड सुटू नये म्हणून आजोबांनी खडूच्या पुडीची पेटी ठेवली होती. ती कलंडली होती. आणि तिथून पुढे...

"आई गं," गेन्ता म्हणाला.

तांबड्या पट्ट्याच्या उंच पायऱ्यांवर पांढऱ्या हातांचे ठसे होते. थेट घंटेच्या भिंतीपर्यंत. आणि शेजारी, हिरव्या बुटक्या पट्ट्यात, इवले इवले ठसे. तान्ह्या बाळाच्या तळव्याएवढे.

"दोघं आहेत," सुझुनो कुजबुजली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक झाला होता.

आजोबांसोबत कोण? त्यांनी कोणाला पट्ट्यात घेतलंय? चिसातो वाकली आणि तिने मोठ्या ठशावर आपला हात ठेवला. आजोबांचा पंजा तिच्या दुप्पट होता. हा ठसा तर तिच्याहूनही लहान होता! आणि अंगठा... अंगठा आखूड, पार खाली मनगटाजवळ.

"गेन्ता, हा बघ अंगठा."

पण गेन्ताचं लक्ष नैवेद्याकडे होतं. "चिसातो, मला एक सांग. काकडी कच्ची खातात. पण कच्चं वांगं कोण खातं?"

"तू शिजवलेलंही खात नाहीस!" सुझुनो म्हणाली.

"तेच तर! घोडा नाहीसा होतो, बैल राहतो. पण घोड्याच्या काड्या बघ." त्याने जमिनीवरून चार काड्या उचलल्या. एकीला काकडीची साल चिकटली होती आणि टोकाला दातांच्या खुणा होत्या. "घोड्यावर बसून कोणी आलं असतं तर त्याने घोड्याचे पाय चावून फेकले असते का?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकदमच वरच्या उघड्या झरोक्याकडे. बाहेर पर्सिमनच्या झाडाची फांदी थेट खिडकीला टेकलेली होती.

"माकड!" सुझुनो ओरडली. "चला, काकांना सांगू!"

"पटणार नाही त्यांना," गेन्ता म्हणाला. "पितरांच्या दिवसांत नैवेद्यापाशी कोण डोकावतं? आमचे बाबासुद्धा मान खाली घालून उभे राहतील. त्यांना दाखवलं पाहिजे."

बोलता बोलता बेत ठरला. आज संध्याकाळी पुजारीबाबा व्यायामशाळेबाहेर मास्तरांसाठी मंत्र म्हणणार होते. सगळी मोठी माणसं येणार होती. सुझुनो बाहेर थांबेल. चिसातो आणि गेन्ता आत लपतील आणि घंटा वाजली की मोठ्या खिडकीचा पडदा दोरीने ओढतील.

"पण आत खरंच मास्तर असले तर?" गेन्ताने हळूच विचारलं.

चिसातोने कलंडलेली खडूची पेटी सरळ करून ठेवली.

ऊन उतरलं. उड्या मारायच्या जुन्या लाकडी पेटीत दोघं गुडघे पोटाशी घेऊन बसली. पडद्याची दोरी चिसातोच्या मुठीत होती, आणि बूट गेन्ताच्या मांडीवर.

"तुझ्या मोज्यांचा वास येतोय," ती कुजबुजली.

"भुताला पळवायला बरा!"

कोकुबुकाकांनी दारातून नवी जोडी आत सरकवली आणि बाहेर मंत्र सुरू झाले. घंटेच्या भिंतीवरचा उजेड विटकरी झाला, मग राखाडी. आणि झरोक्यातून काहीतरी आत सरकलं, नैवेद्यापाशी घुटमळलं.

गेन्ताने चिसातोचं मनगट गच्च धरलं.

अंधुक आकृती तांबड्या पायऱ्यांवरून गेली. टप, टप, टप. आवाज इतका हलका की पाऊल वाटतच नव्हतं. पुढच्या टोकाला जाऊन ती थांबली, वळली आणि मागे पाहत बसून राहिली. तिच्या मागून, हिरव्या पट्ट्यातून, एक इवली आकृती धडपडत येत होती. पडली. पुन्हा चढली. मोठी हलली नाही. वाट बघत राहिली. पिल्लू जवळ आलं, तेव्हाच ती पुढे निघाली.

अगदी असंच! ओंडक्याच्या टोकाला आजोबा असेच बसून राहायचे. घाई नाही, हाक नाही. चिसातोला कळत होतं की समोर माकड आहे. पण या अंधारात, एवढ्या एका क्षणापुरते, ते आजोबाही असू शकत होते. दोरी ओढली की ते नसणार होते. कायमचे.

"ठण्ण!"

"ओढ!" गेन्ता कुजबुजला. "चिसातो, ओढ ना!"

तिला आजीचा कापरा आवाज आठवला. एकटे, अंधारात अडकून पडलेत... चिसातोने डोळे मिटले आणि सगळा जोर लावून दोरी ओढली.

सर्रर्र! पडदा बाजूला झाला. मावळतीचा उजेड आत घुसला.

बाहेर सगळं गाव हात जोडून, मान खाली घालून उभं होतं. "मान वर करा!" सुझुनो किंचाळली. "काका, वर बघा ना!"

कोकुबुकाकांनी भीतभीत वर पाहिलं. घंटेच्या भिंतीवर एक माकडीण ऐटीत बसली होती. तिने काकडीच्या घोड्याचं डोकं कडकन तोडलं, काडीचा पाय थुंकून टाकला आणि खाली जमलेल्या मंडळींकडे तुसडेपणाने पाहिलं. पिल्लू घंटेच्या दोरीला लटकून झोके घेत होतं. ठण्ण! ठण्ण!

मंत्र थांबले.

"मी... मी रोज..." कोकुबुकाकांचे हात अजून जोडलेलेच होते. "मी रोज माकडिणीला घोडा वाढत होतो?"

"आणि खिडकी उघडी ठेवून आमंत्रण देत होतात!" पेटीतून डोकं काढून गेन्ता ओरडला.

"आणि वांगं तिला आवडत नाही म्हणून तुम्ही ते आणखी मोठं करत होतात!" सुझुनोने भर घातली.

आधी पुजारीबाबांचं पोट हललं. मग कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग चिसातोला तो आवाज ऐकू आला. वसंतापासून न ऐकलेला. आजी हसत होती! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शेजारणीच्या खांद्याला धरून हसत होती.

कोकुबुकाका मुलांसमोर आले आणि कमरेत वाकले. "चुकलो मी. आम्ही मोठ्यांनी नुसती मान खाली घातली, तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. मास्तरांचे विद्यार्थी शोभता खरे! उद्या सुतार येणार नाहीत. उद्या ही जागा सगळ्यांसाठी उघडणार."

"शाबास रे!" पुजारीबाबांनी गेन्ताच्या पाठीवर थाप मारली. "पण आता बूट घे हातात आणि माकडं बाहेर गेली की झरोक्याची खिडकी लावून ये."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. बालवाडीतली पोरं कड्यांना लोंबकळली, तरुण मंडळी तांबड्या पट्ट्यावरून धपाधप गाद्यांवर आपटली आणि कोकुबुकाका हिरव्या ओंडक्यावरून तीनदा पडले. सगळे खूश होते. चिसातोची पाठ थोपटून थोपटून लोकांनी लाल केली. पण तिला आतून रितं रितं वाटत होतं.

संध्याकाळी दारापुढे आजीने निरोपासाठी तागाच्या काड्या रचल्या.

"आजी," चिसातो म्हणाली आणि तिला एकदम रडू फुटलं. "ते माकडच होतं. आजोबा नव्हतेच तिथे. मला ते हवे होते गं. मीच पडदा ओढला."

आजीने तिला जवळ ओढून घेतलं. बराच वेळ ती नातीच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"वेडे, तू दोरी ओढलीस म्हणून काल मी झोपले," आजी म्हणाली. "ते कुठे अडकलेले नाहीत. मोकळे आहेत. घरी आले असतील, आपल्यासोबत जेवले असतील, आणि आता सुखाने जातील. याहून जास्त मला काही नको होतं. तुला?"

चिसातोने नाक ओढलं. मग काडेपेटी मागून घेतली, खाली वाकली आणि स्वतःच्या हाताने जाळ पेटवला.

"सावकाश जा, आजोबा," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षी या."