फरशी वाळेपर्यंत

मी थापाड्या हाय, हे राहुरीपासून नेवाशापर्यंत सगळ्यांना ठाऊक हाय. बायको तर माझा तापसुद्धा थर्मामीटर लावल्याशिवाय खरा मानत न्हाई.

पण ही थाप न्हाई. लेकीची शपथ घेऊन सांगितलं, तरी घरचे हसले. तुमी तरी हसू नका.

गेल्या डिसेंबरातली दुपार. देवळाली प्रवरा. नाताळ तोंडावर आलेला.

मी फरश्या घासून पॉलिश करतो. सोबतीला माझा मेव्हणा, आदिनाथ. शॅरन मॅडम म्हणून एक शिक्षिका हायेत, त्यांच्या वडिलांच्या घराचं काम हुतं. वडील म्हंजे जॉर्ज सर. ते गेल्यापासून घर बंद. दुसऱ्या दिवशी सगळे नातेवाईक तिथं प्रार्थनेला जमणार हुते.

जुनी शहाबादी फरशी. कधी ॲसिड लागलेलं न्हाई, कुठं डाग न्हाई. कुणीतरी लई जीव लावून सांभाळलेली.

घासून झाली. आता फक्त सीलर राहिलं. दगडात तेल-पाणी मुरू नये म्हणून ते फडक्यानं लावायचं. वाळायच्या आत पाय पडला की ठसा उमटतो, आणि परत सगळं घासावं लागतं. म्हणून आतून सुरुवात करायची आणि दाराकडं यायचं.

नेवाशाला मी मुद्दाम उलटं केल्तं. आदिनाथ न्हाणीत असताना दारापुढंच सीलर फासलं. पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत आत अडकला. मी समोर बसून भेळ खाल्ली.

“दाजी, याची परतफेड हुणार,” म्हणला हुता.

तर त्या दुपारी तो टेम्पो घेऊन राहुरीला सीलर आणायला गेला. मी आतल्या खोलीत सरांच्या लोखंडी पलंगावर आडवा झालो. खोलीला दार एकच. खिडकीला गज.

जाग आली ती आवाजानं.

सप्... सप्...

दगडावर ओलं फडकं फिरत हुतं.

मान वर करून बघितलं. बाहेरची खोली पार उंबऱ्यापर्यंत ओली.

आलं बेणं, मी मनात म्हणलं. डाव साधला.

“आद्या, शाबास. पण उद्या प्रार्थना हाय, आवर आता.”

सप् सप् चालूच.

फडकं उंबरा ओलांडून आत आलं...

म्हंजे फडकं दिसलंच न्हाई. दिसली ती नुसती ओल. एका पट्ट्याला चिकटून दुसरा पट्टा. नीट. सावकाश. माझ्याकडं येत.

मग वास आला...

सीलर नाकाला झोंबतं. हा वास रिठ्याचा हुता.

मी फोन लावला.

“दाजी, टेम्पो बंद पडलाय. राहुरीतच हाय मी. सीलरचा डबा मांडीवर घेऊन बसलोय.”

“आद्या, चेष्टा नको.”

“चेष्टा तुमी करता.”

फोनमधून मागं उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू येत हुती.

इथं रस्त्यावर काहीच वाजत नव्हतं.

फरशी गेली खड्ड्यात. मी खाली उतरलो. ओल्यात एक पाऊल टाकलं... दुसरं टाकलं...

सप् थांबलं.

मग माझा मागचा ठसा पुसला गेला. माझ्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्या ठशावर मी उभा हुतो.

गार फडकं माझ्या बोटांवरून फिरलं. रागानं न्हाई. घरी पुसताना ‘पाय उचल’ म्हणतात ना... तसं.

मी उचलला. उडी मारून पलंगावर गेलो, गुडघे छातीशी घेतले. दार समोर उघडं हुतं, पण मला पाय खाली सोडवेना.

पट्टे पलंगाखाली शिरले. शेवटचा कोपरा पुसून झाला. फडकं पिळल्याचा आवाज आला...

आणि सगळं शांत.

मग पलंग करकरला.

माझ्या शेजारची गादी... दबली.

मी तिकडं बघितलं न्हाई. आईशप्पथ, न्हाई बघितलं. समोर फरशी वाळत हुती, दाराकडून आत. आमी दोघं बघत बसलो.

दिवस मावळायला आदिनाथ आला, मॅडमपण आल्या. मी सगळं सांगितलं. आदिनाथ पोट धरून हसला.

मॅडम हसल्या न्हाईत. त्यांनी चपला दारातच काढल्या.

“पप्पा रिठ्याच्या पाण्याने दाराकडून आत पुसत यायचे,” त्या म्हणाल्या. “ओल्यात कोणी पाय देऊ नये म्हणून. मग या पलंगावर बसून राहायचे, वाळेपर्यंत.”

मी विचारलं, “मग?”

“शेवटच्या दिवशी फरशी वाळली. पप्पा उतरले नाहीत.”

सीलर आदिनाथनं एकट्यानं लावलं. मी टेम्पोत बसून राहिलो.

तेव्हापासून घरी बायकोनं फरशी पुसायला बादली भरली की मी अंगणात जातो. आज हे लिहिण्याच्या नादात जायचं राहिलं. सप् सप् आवाज पायाशी आला. सवयीनं, न बघताच मी पाय उचलले. पट्टा खालून गेला.

आणि अंगणातून बायकोची हाक आली... दोरीवरचे कपडे काढू लागा म्हणून.

पाय अजून खुर्चीवरच हायेत.

फरशी वाळायची हाय.